डोंगल: सॉफ्टवेअरची किल्ली

मराठी डीटीपी करणाऱ्या जुन्या मंडळींना संगणकामागची ती लहानशी डबी आठवत असेल. श्रीलिपी हे सॉफ्टवेअर चालवायचे तर आधी हे डोंगल जोडायचे! सॉफ्टवेअरच्या हव्या तितक्या नकला निघतात. डबीची नक्कल काढणे मात्र सोपे नाही. 1980च्या सुमारास कमोडोर पेट संगणकावरच्या ‘वर्डक्राफ्ट’ या सॉफ्टवेअरसाठी अशीच किल्ली वापरली गेली. पुढे ती 25 पिनांच्या प्रिंटर पोर्टवर बसू लागली, नंतर यूएसबीवर.

आत काय चालते? सॉफ्टवेअर एक यादृच्छिक संख्या पाठवते. डोंगलमधली चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने तिचे रूपांतर करून उत्तर देते. किल्ली चिपबाहेर कधीच येत नाही आणि संख्या दर वेळी नवी, म्हणून कालचे उत्तर चोरून आज उपयोग नाही.

तरीही चोर दुसऱ्या वाटेने येतो. डोंगलला तो हातही लावत नाही. ‘उत्तर बरोबर आहे का?’ ही तपासणीच प्रोग्रॅममधून काढून टाकतो. कुलूप शाबूत, कडी उखडलेली. त्यामुळे नुसती तपासणी ही माझ्या मते कच्ची राखण. प्रोग्रॅमचा एखादा आवश्यक भाग चिपमध्येच चालवावा. मग तपासणी काढली तरी काम अडतेच.

अशी संरक्षणव्यवस्था हक्कभंगाच्या हेतूने मोडणे हा 2012च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 65 अ नुसार गुन्हा असून, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.