सेंद्रिय मांसाची पारख

रसायनशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर सर्वच मांस सेंद्रिय. निरिंद्रिय कोंबडी अद्याप कोणी पाहिलेली नाहीं! बाजारांत मात्र हा शब्द मांसाच्या घटकांविषयीं नसून पशुपक्ष्यांच्या पालनाविषयीं असतो. त्यांस खाद्य कोणतें मिळालें, औषधें कोणतीं दिलीं, हिंडण्यास जागा किती होती, या गोष्टी त्यांत अभिप्रेत असतात. आणि त्या कापलेल्या मांसाकडे पाहून चतुर गृहिणीसहि कळावयाच्या नाहींत.

कोंबडीचेंच उदाहरण घ्यावें. ब्रॉयलरचें पिलूं सुमारें सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरांत जातें. हा प्रताप इंजेक्शनांचा, असा समज घरोघर आढळतो. तो चुकीचा आहे. ही वाढ निवडक पैदाशीची व कसदार खाद्याची होय. चिंता वाहावयाची ती प्रतिजैविकांची. केवळ वजन वाढावें म्हणून निरोगी पक्ष्यांस तीं खाद्यांतून दिलीं, म्हणजे औषधास न जुमानणारे जंतु बळावतात आणि त्यांचा उपद्रव अखेर माणसांस होतो. युरोपीय संघानें ही चाल २००६ सालीं बंद केली. माणसाच्या दुर्धर जंतुदोषांत शेवटचा उपाय म्हणून राखलेलें कोलिस्टिन भारतांतहि कोंबड्यांस देण्यास २०१९ सालीं मनाई झाली.

‘गावरान’ म्हणजे सेंद्रिय नव्हे. उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबडीनें काय टिपलें, याचा हिशेब कोणीच ठेवीत नाहीं. शिवाय गिरिराज, वनराज अशा सुधारलेल्या जातींचीं रंगीत पिसें पाहूनहि गिऱ्हाईक फसतें. वेष्टणांतील माल घेतांना २०१७ च्या नियमांन्वये ठरलेलें ‘जैविक भारत’ हें चिन्ह पाहावें. ‘नैसर्गिक’ किंवा ‘ताजें’ या शब्दांनीं त्याची जागा भरून निघत नाहीं. ओळखीच्या पालकाकडून घ्यावयाचें असल्यास पक्षी किती दिवसांचा, खाद्य कोणतें, आणि औषध दिल्यावर किती दिवसांनीं तो कापला, हें स्पष्ट विचारावें. उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील, त्याचें दुकान सोडावें.

प्रथिनांच्या बाबतींत सेंद्रिय व साध्या कोंबडींत म्हणण्यासारखा फरक नाहीं. तेव्हां किंमत झेपत नसेल तर मुलांचें पोषण उणें पडेल ही भीति नको. सेंद्रिय मांसांतहि रोगजंतु असूं शकतात. तें नळाखालीं धुऊं नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतु ओट्यावर पसरतात. कोशिंबिरीची सुरी वेगळी ठेवावी. मांस आंतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापेल असें शिजवावें. वयस्क पक्ष्याचें मांस चिवट असतें. तें मंद आंचेवर अधिक वेळ ठेवावें लागतें, पण त्याचा रस्सा चवदार उतरतो.