पहिल्या पिढीचे पहिले वर्ष

महाविद्यालयाच्या निकालपत्रात उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असे दोन प्रकार असतात. तिसऱ्या प्रकारचे विद्यार्थी त्यात कुठेच येत नाहीत. ते पावसाळ्यात प्रवेश घेतात, गणपतीपर्यंत वर्गात दिसतात आणि दिवाळीनंतर दिसेनासे होतात. ते नापास झालेले नसतात. त्यांना कोणी काढून टाकलेले नसते. त्यांनी दाखलाही मागितलेला नसतो. ते फक्त यायचे थांबतात. धाराशिव जिल्ह्यात शिकवताना दर वर्षी हजेरीपटावर अशी नावे मला दिसतात. त्यांतील बरीचशी दलित वस्तीतील, ऊसतोड कामगारांच्या आणि शेतमजुरांच्या घरची असतात. माझ्या घरातला पहिला पदवीधर मीच. त्यामुळे या नावांकडे केवळ गळतीचा आकडा म्हणून पाहणे मला जमत नाही. हा लेख या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि त्यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्या शिक्षक-कार्यकर्त्यांसाठीही आहे.

ही मुले बुद्धीने कमी पडतात असे म्हणणे प्रस्थापितांना सोयीचे असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. विद्यापीठात दोन प्रकारचे ज्ञान लागते. एक पुस्तकातले, ते सगळ्यांनाच नवे असते. दुसरे विद्यापीठ चालते कसे याचे. अभ्यासक्रमाची प्रत कुठे मिळते, अंतर्गत गुण कशाचे असतात, परीक्षेचा अर्ज केव्हा भरायचा, कोणत्या खिडकीवर काय विचारायचे, हे कोणत्याही पुस्तकात नसते. ज्या घरात तीन पिढ्या शिकल्या आहेत, तिथे हे ज्ञान जेवताना बोलता-बोलता मिळते. आपल्या घरात ते कोणाकडेच नसते. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथील परिषदेला बाबासाहेब आले होते, ती तारीख आमच्या मुलांना पाठ असते. पण परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख माहीत नसते. पहिली तारीख त्यांना समाजाने सांगितली. दुसरी सांगणारे कोणी नव्हते.

या जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास पाहिला म्हणजे हे अंतर किती मोठे आहे ते कळते. निजामाच्या राज्यात पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले तिथे आली. बाबासाहेबांनी तिथे नुसते वर्ग उभे केले नाहीत. वसतिगृह आणि ग्रंथालय यांचाही विचार केला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी मुलांसाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. खेड्यातून आलेल्या मुलाला नुसता प्रवेश पुरत नाही, त्याला राहायला जागा, वाचायला पुस्तक आणि विचारायला माणूस लागतो, हे मिलिंदच्या उभारणीमागचे सूत्र होते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले. १९७८ साली विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली, आणि १९९४ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. आज विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवलाच आहे. विद्यापीठ दाराशी आले. पण आत गेलेला मुलगा टिकतो कसा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

पहिली अडचण पैशांची असते, म्हणून तिचा विचार आधी करू. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि तो दर वर्षी नव्याने पुढे चालू ठेवावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप मिळेल, असा समज अनेकांचा असतो; तो चुकीचा आहे. जातीचा दाखला, चालू मुदतीचा उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे प्रवेशाच्या आधीच तयार ठेवावीत. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाकडे तपासणीसाठी जातो. तिथे तो अडकून पडण्याचा संभव सर्वांत अधिक. म्हणून अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि महिन्यातून एकदा कार्यालयात जाऊन तो पुढे गेला का, हे विचारावे. हे विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

आणखी एक गोष्ट घरच्यांना समजावून सांगितली पाहिजे. या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यात महाविद्यालयाच्या शुल्काचाही भाग असू शकतो. खात्यावर रक्कम दिसली की घरात आजारपण, बियाणे, मुकादमाची उचल अशी दहा कारणे उभी राहतात. ती कारणे खोटी नसतात. पण शुल्क थकले की पुढे मूळ कागदपत्रांसाठी अडवणूक होते आणि मुलगा कार्यालयात जायचेच टाळतो. म्हणून आलेल्या रकमेतील किती आपली आणि किती महाविद्यालयाची, हे त्याच दिवशी लेखी विचारून घ्यावे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याण विभागाच्या स्वाधार योजनेसाठी अर्ज करता येतो. खोली भाड्याने घेऊन शहरात राहणाऱ्या मुलाला ही योजना माहीत नसणे हे त्याचे दुर्दैव नव्हे, आपल्या संघटनांचे अपयश आहे.

दुसरी अडचण वेळेची. आपल्या भागात दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पहिल्या सत्राची परीक्षा साधारण त्याच काळात येते. आई-वडील कोयता घेऊन गेले की मोठ्या मुलावर किंवा मुलीवर धाकट्यांचा भार पडतो, किंवा तिलाही फडावर जावे लागते. हजेरी घटते, आणि हजेरी घटली की परीक्षा व शिष्यवृत्ती दोन्ही धोक्यात येतात. अशा वेळी न सांगता गैरहजर राहणे सर्वांत वाईट. जाण्यापूर्वी विभागप्रमुखांना अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, अंतर्गत परीक्षेच्या तारखा लिहून घ्याव्यात. मुलींचा प्रश्न बहुधा शेवटच्या एसटीचा असतो. दुपारचे प्रात्यक्षिक संपेपर्यंत गाडी निघून जाते, आणि मग घरचे शिक्षणच बंद करतात. पाच-सहा मुलींनी मिळून वेळ बदलण्याची मागणी केली तर शिक्षकाला ती नाकारणे अवघड जाते. एकटीने केलेली तक्रार ‘अडचण’ ठरते, सहा जणींची मागणी ‘प्रश्न’ ठरते.

तिसरी अडचण अभ्यासाच्या पद्धतीची. शाळेत उत्तरे फळ्यावर लिहून मिळत. महाविद्यालयात शिक्षक बोलत जातो आणि टिपणे आपण घ्यायची असतात. पहिल्याच आठवड्यात अभ्यासक्रमाची प्रत मिळवावी, ग्रंथालयातून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढाव्यात, आणि वर्गात झालेला भाग त्याच संध्याकाळी स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहावा. तयार गाइड परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उपयोगी पडेल. वर्षभर तेच वाचले तर विषय कधीच आपला होत नाही. इंग्रजी संज्ञांसाठी वेगळी वही करावी: एका बाजूला शब्द, समोर आपल्या बोलीत त्याचा अर्थ. आपल्याकडे जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगला आहे. पण ते एका दिवसाचे अभिवादन झाले. सत्राचे शंभर दिवस रोज तीन तास बसणे हे त्याहून कठीण आणि अधिक फलदायी.

बोलीचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. ‘पानी’ म्हटले म्हणून वर्गात हसू झाले की मुलगा दुसऱ्या दिवसापासून गप्प बसतो. नुकसान उच्चाराचे होत नाही, त्याच्या प्रश्नाचे होते. जो प्रश्न विचारत नाही त्याला शिकवलेले कळले की नाही, हे शिक्षकालाही समजत नाही. दलित साहित्याने याच बोलीत लिहून मराठी वाङ्मयाची कक्षा रुंदावली, हे त्या मुलाला सांगितले पाहिजे. प्रमाणभाषा लेखनासाठी शिकावी. प्रश्न मात्र आपल्या भाषेत विचारावा.

अपमान जेव्हा हसण्याच्या पलीकडे जातो, जातीवरून बोलले जाते, खोली नाकारली जाते, गुण कापले जातात, तेव्हा तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली भेदभावाविरुद्ध नियम केले आणि संस्थांमध्ये समान संधी कक्ष असावा असे सांगितले. आपल्या महाविद्यालयात तो कुठे आहे, हे सर्व विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या महिन्यातच विचारले पाहिजे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुलाने जीवन संपवले, त्यापूर्वी काही महिने त्याची फेलोशिप थांबलेली होती. पैसे थांबणे, माणसे तुटणे आणि मन खचणे या तीन वेगळ्या गोष्टी नसतात. मनावर भार आला तर एकट्याने खोलीत बसू नये. त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे, आणि मित्रांनीही अशा मुलाला एकटे सोडू नये.

आता नव्या धोरणाविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात साधारण पंधरा तासांचे अध्यापन. पहिल्या वर्षाचे श्रेयांक आणि जोडीला ठरवून दिलेले कौशल्याचे किंवा प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक मिळवले तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते, दोन वर्षांनंतर पदविका मिळते. याला बाहेर पडण्याची सोय म्हणतात. ज्याच्या घरी पर्याय आहेत, त्याला ती सोय वाटेल. आपल्या मुलाला मात्र गळतीवर शिक्का मारून दिलेला कागद तेवढा हाती येण्याची भीती आहे. तरीही या व्यवस्थेत एक गोष्ट उपयोगाची आहे, ती समजून घ्यावी. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर राष्ट्रीय पातळीवरील श्रेयांक पेढीत जमा राहतात आणि कमाल सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला म्हणजे वर्ष बुडाले असे नाही. तो पुन्हा देता येतो. ‘नापास’ हा शब्द ऐकून घरी बसलेली किती तरी मुले प्रत्यक्षात एका विषयापुरतीच अडकलेली असतात.

बाबासाहेबांचे शिक्षणही सलग झालेले नाही, हे आपण विसरतो. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पण ते नुसते निघून आले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेतली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्यांच्या बुद्धिमत्तेचे गुणगान आपण खूप करतो. त्या परवानगीचे आणि त्या कर्जाचे महत्त्वही मुलांना सांगितले पाहिजे. परिस्थितीने बाहेर पडावे लागले तरी परत येण्याची वाट लेखी बांधून ठेवायची असते, आणि मदत मागायला लाजायचे नसते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक सूचना आहे. आपल्या गावातून यंदा कोण कोण महाविद्यालयात गेले, याची वहीत यादी करावी. गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा त्या यादीतील प्रत्येकाला भेटावे. पहिल्या वर्षाच्या मुलाला मोर्चात नेण्यापूर्वी त्याने परीक्षेचा अर्ज भरला का, हे विचारावे. ज्याने भरला नसेल त्याला त्या दिवशी मोर्चात न नेता कार्यालयाच्या खिडकीपर्यंत न्यावे. प्रत्येक वस्तीत दोन पदवीधर निघाले आणि त्यांनी दर वर्षी दोन मुलांची जबाबदारी घेतली, तर हजेरीपटावरून नावे अशी मुकाट्याने नाहीशी होणार नाहीत.