केळीचे खत : एकरकमी नव्हे, हप्त्याहप्त्याने

तापीकाठच्या रावेर, यावल व चोपडा तालुक्यांत, तसेच धुळे जिल्ह्यातील शिरपूर परिसरात केळी हे केवळ पीक नसून अनेक कुटुंबांच्या वर्षभराच्या जमाखर्चाचा कणा आहे. मृगबाग असो वा कांदेबाग, घड हाती येईपर्यंत पैसा शेतात अडकलेला असतो आणि त्यातील मोठा हिस्सा खतावर खर्च होतो. म्हणूनच हे खत कोणते, किती आणि केव्हा द्यावे, हा प्रश्न कृषिशास्त्राइतकाच हिशेबाचाही आहे.

केळीची भूक मोठी. एका झाडाला 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद व 200 ग्रॅम पालाश ही शिफारस खानदेशात परिचित आहे. युरियात 46 टक्के नत्र असते. त्यामुळे 200 ग्रॅम नत्रासाठी सुमारे 435 ग्रॅम युरिया लागतो. दीड बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी 4,444 झाडे बसतात. म्हणजे हेक्टरला सुमारे 1,930 किलो, 45 किलोच्या जवळजवळ 43 गोण्या झाल्या!

पूर्वी हे खत झाडाभोवती बांगडी पद्धतीने टाकून वर पाटपाणी सोडले जाई. ज्या दिवशी खत पडे त्या दिवशी मुळांपुढे पंचपक्वान्ने आणि पुढे कित्येक दिवस उपवास. झाडाला जेवढे पचे तेवढे ते घेई. उरलेल्यातील बराचसा नत्र हवेत उडे किंवा पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जाई.

या स्थितीत ठिबक सिंचनाने मोठा बदल घडवला. जामनेर तालुक्यातील वाकोद येथे 1937 मध्ये जन्मलेले भवरलाल जैन यांनी जळगावात उभारलेल्या उद्योगामुळे हे तंत्र सामान्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचले. 1997 मध्ये त्यांना सिंचनक्षेत्रातील क्रॉफर्ड रीड पुरस्कार आणि 2008 मध्ये पद्मश्री लाभली. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्या नळीतून पाणी, त्याच नळीतून विरघळलेले खत, हे या पद्धतीचे सूत्र. मात्र त्यासाठी खताची निवड डोळसपणे करावी लागते. तांबड्या पोटॅशमध्ये न विरघळणारे कण असतात, ते तोट्यांची छिद्रे बुजवतात. म्हणून ठिबकसाठी पांढरे पोटॅश घ्यावे. सिंगल सुपर फॉस्फेट पूर्णपणे विरघळत नाही, ते जमिनीतूनच द्यावे. नळीतून स्फुरद द्यायचे असल्यास 12:61:00 हे खत उपयोगी पडते. कॅल्शियम नायट्रेट मात्र सल्फेट वा फॉस्फेटयुक्त खतांच्या टाकीत कधीही मिसळू नये, कारण त्यातून पांढरा साका तयार होतो. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियमही स्फुरदाशी असाच खेळ करतो. उपाय सोपा आहे : काचेच्या ग्लासात आपलेच पाणी घेऊन त्यात खत विरघळवावे आणि तासाभराने पाहावे. पाणी गढुळले वा तळाशी गाळ बसला, तर ते मिश्रण नळीत सोडू नये.

आता मात्रेविषयी. 1,000 झाडांचा 435 किलो युरिया 40 आठवड्यांत समान विभागला, तर आठवड्याला सुमारे 11 किलो येतो. परंतु झाडाची गरज समान नसते. वाढीच्या महिन्यांत नत्राची मागणी अधिक, तर घड निसवताना व भरताना पालाशाची. हप्त्यांची रक्कम त्याप्रमाणे कमीजास्त करावी लागते. ठिबकमधून खत वाया कमी जात असल्याने एकूण मात्रेतही कपात शक्य असते. ती किती करावी, हे माती परीक्षण करून व जळगाव येथील केळी संशोधन केंद्राचा सल्ला घेऊन ठरवावे.

खत सोडण्याचाही क्रम आहे. सिंचनाच्या वेळेचे तीन भाग करावेत. प्रथम नुसते पाणी, मध्ये व्हेंचुरीतून खत आणि शेवटी पुन्हा नुसते पाणी, म्हणजे नळ्यांत खत साचत नाही. खत गाळणीच्या आधीच मिसळावे, म्हणजे न विरघळलेले कण तेथेच अडतात.

‘थोडे जास्त टाकले तर बिघडले कुठे?’ असा प्रश्न अनेकदा केला जातो. उत्तर विहिरीत आहे. झाडाने न घेतलेला नत्र नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही त्याची भारतीय मर्यादा आहे. अधिक नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते. रावेर-यावल पट्ट्यातील पाणी आधीच खोल गेले आहे. जे उरले आहे ते दूषित करणे म्हणजे मुद्दलालाच हात घालणे होय.

खताच्या गोणीची किंमत पावतीवर छापलेली असते. वाया गेलेल्या खताची किंमत मात्र कोणत्याही पावतीवर नसते. ती पुढच्या पिढीच्या खात्यावर नावे पडते. आठवड्याची मात्रा वहीत लिहून ठेवणारा शेतकरी ती वसुली वेळीच टाळतो.