पोचल्याचा वाढदिवस

वाढदिवस कशाकशाचे असतात? माणसांचे, लग्नाचे, झालंच तर कॉलेजचे. पण परदेशात पोचल्याचा वाढदिवस? मी तो गेल्या सप्टेंबरमध्ये पाहिला, आणि तोही मलकापुरात बसून!

झालं असं. शाळेपासूनचे माझे तीन मित्र एम.एस.साठी जर्मनीला गेले. तिघे एकाच विमानाने, राहायलाही एकाच खोलीत. २८ सप्टेंबरला मलकापूर सोडलं, २९ ला तिकडे पोचले. वर्ष झालं तेव्हा २९ तारखेला तिघांनी पार्टी केली. मी सुट्टीला गावी होतो, म्हणून त्यातल्या एकाच्या घरी बसून व्हिडिओ कॉलवर हजर. समोर केक, त्यावर एकच मेणबत्ती आणि शेजारी वाटीत कांदा-लसूण चटणी. (२३ किलोच्या बॅगेत कपड्यांपेक्षा चटणीच जास्त होती, याला मी साक्षीदार आहे.) तिघं ओरडत होते, "एक वर्ष काढलं लगा!"

काकी जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कसला वाढदिवस बाबा ह्यो? घर सोडल्याचा?"

तिकडचा आवाज एकदम बंद. फोन ठेवल्यावर काकींनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवलं. दुधाच्या खाड्यांच्या खुणांमध्ये २८ तारखेभोवती पेनानं गोल केला होता. "माझं वरीस कालच झालं," एवढंच बोलल्या.

एका दिवसाचा फरक! तो काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून असे दिवस आणखी कोण पाळतं ते शोधायला बसलो, आणि थेट मॉरिशसला पोचलो.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागलं. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. म्हणून हिंदुस्थानातून कराराने माणसं नेणं सुरू झालं. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं त्या बंदरात उतरली. मुंबई बंदरातूनही जहाजं जात आणि त्यांत बरेचजण रत्नागिरी जिल्ह्यातले असत. म्हणजे फार लांबचे नव्हेत! आपल्या मलकापूरहून आंबा घाट उतरला की साखरपा, तिथूनच तो जिल्हा सुरू. आज त्यांचे वंशज घरी क्रिओल बोलतात, पण गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवलं जातं.

हे मजूर जिथे उतरत, तो 'आप्रवासी घाट' २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तिथल्या दगडी पायऱ्या १६. दर वर्षी २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सुट्टी असते, त्या घाटावर पुष्पचक्रं वाहतात.

आता गंमत बघा. गयानात ५ मे (१८३८), त्रिनिदादमध्ये ३० मे (१८४५), सुरीनाममध्ये ५ जून (१८७३) असेच दिवस पाळतात. सगळे दिवस पोचल्याचे! जहाज कलकत्त्याहून कधी निघालं, तो दिवस कुणी साजरा करत नाही.

असं का? मला वाटतं, निघताना हातातून फक्त सुटत जातं. घर, शेत, माणसं. पोचल्यावर मात्र काहीतरी हातात असतं. एक म्हणजे आपण जिवंत आहोत, आणि दुसरं म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस. आठवडेच्या आठवडे एका जहाजात काढलेले हे लोक एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. ना जातीचा ना गावाचा, पण सख्ख्यासारखा. काही ठिकाणी तर जहाजी भावांच्या मुलांची आपसात लग्नं करत नसत, इतकं ते नातं खरं मानलं जाई. म्हणजे पोचल्याचा दिवस हा या नव्या भावकीचाही वाढदिवस. तो मित्रांबरोबरच साजरा होणार!

आणि निघाल्याची तारीख? ती घरच्यांची. जहाजाच्या काळात मागे राहिलेल्या आईला तेवढीच तारीख ठाऊक असे. पोरगं पोचलं का, हे कळायला महिने लागत. कित्येकींना ते कधी कळलंच नसेल. दोन तारखांमध्ये अख्खा समुद्र असायचा. विमानानं त्या कॅलेंडरच्या शेजारशेजारच्या चौकटीत आणून ठेवल्या, म्हणून आपल्याला त्या एकच वाटतात. पण त्या दोन आहेत.

दुसऱ्या दिवशी काकींना हे सगळं माझ्या परीनं सांगितलं. म्हटलं, पोरं घर सोडल्याचा आनंद करत नव्हती. परक्या मुलखात एकमेकांच्या आधारानं टिकलो, याचा करत होती. काकींनी भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग करा की पोचल्याचा. पर आदल्या दिशी फोन करा म्हणावं."

मी निरोप जर्मनीला पोचवला. तिकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग तिघांचा मिळून एकच मेसेज आला, "२८ लक्षात ठेवतो."

आपलं होस्टेल काही सातासमुद्रापार नाही. पण गादी-बादली घेऊन आपण इथे आलो, ती रात्र प्रत्येकाला आठवते. आज जो रूम पार्टनर आहे, तो त्या रात्री पूर्ण अनोळखी होता. त्या दिवसाचा वाढदिवस जरूर करा, मेसच्या काकांना शिरा करायला लावा. फक्त आदल्या दिवशी घरी एक फोन लावा. तिकडे कुणीतरी भिंतीवर गोल करून ठेवलेला असतो.