शेवट हा प्रेक्षकाचा हक्क

दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी, शनिवारी सुरू झालेली ‘शक्तिमान’ मालिका २७ मार्च २००५ रोजी, एका रविवारी थांबली. मधल्या साडेसात वर्षांत एक अख्खी पिढी शाळेत गेली आणि आठवीपर्यंत येऊन ठेपली. या पिढीला आपला महानायक मिळाला, पण त्याच्या कथेचा नीट रचलेला समारोप मात्र मिळाला नाही. ही उणीव मला अजूनही महत्त्वाची वाटते.

रायगडच्या किनाऱ्यावर या मालिकेचं मोल वेगळंच होतं. त्या काळात केबल बाजारपेठेच्या गावांत पोचली होती. आतल्या वाड्या आणि कोळीवाड्यांत मात्र कौलांवरच्या अँटेनावरच भिस्त होती. अलिबाग, नागाव, चौलकडे खाडीपलीकडच्या मुंबईचं चित्र त्या मानाने बरं दिसे. मुरूड-श्रीवर्धनकडे डोंगर आडवे आले की पडद्यावर मुंग्या येत. पावसाळी वाऱ्याने अँटेना फिरली की एक जण छपरावर चढे आणि खालून दुसरा ओरडे, “आलं, आलं… गेलं!” ज्याच्या घरी चित्र स्वच्छ, त्याच्या पडवीत रविवारी दुपारी आळीतली सगळी पोरं जमत. एकत्र बसून पाहिल्यामुळे तो नायकही साऱ्या आळीचा झाला.

शक्तिमान साकारणारे मुकेश खन्ना हे ‘महाभारता’तले भीष्म. त्यांच्या निर्मितिसंस्थेचं नावही भीष्माचंच. दिग्दर्शन दिनकर जानी यांचं. वृत्तपत्रातला बावळट छायाचित्रकार गंगाधर आणि त्याच्याआड लपलेला महानायक ही मांडणी सुपरमॅनच्या घराण्यातली. तिला देशी आधार होता तो कुंडलिनीचा, पंचमहाभूतांचा आणि तपश्चर्येचा. गीता विश्वास ही धीट पत्रकार, सुरेंद्र पाल यांचा खलनायक तमराज किल्विष आणि ललित परिमू यांचा डॉ. जॅकाल ही पात्रं मुलांना तोंडपाठ होती. भागाच्या शेवटी शक्तिमान मुलांना चांगल्या सवयी सांगे. त्याची नक्कल करताना मुलांना अपघात झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा असं काही करू नका, हेही त्याला पडद्यावरून सांगावं लागलं. ती जबाबदारी मालिकेने उचलली, हे नोंदवायलाच हवं.

मग मालिका का थांबली? दूरदर्शनच्या प्रायोजित कार्यक्रमांत निर्माता प्रसारणाचं शुल्क भरतो आणि मिळालेला जाहिरातींचा वेळ विकून खर्च भागवतो. मालिका लोकप्रिय झाली, रविवारची वेळ मिळाली, तसं शुल्कही वाढत गेलं आणि शेवटी ते परवडेना, असं खन्ना यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. म्हणजे यशाचीच किंमत मालिकेला मोजावी लागली. तोवर खासगी वाहिन्यांनी प्रेक्षक आणि जाहिराती दोन्ही आपल्याकडे ओढले होते.

अमेरिकेत महानायकांच्या मालिकांचं काय झालं ते पाहावं. ‘स्मॉलव्हिल’ दहा पर्वं चालली आणि मे २०११ मध्ये अखेरच्या भागात क्लार्क केंट एकदाचा सुपरमॅन झाला. ‘ॲरो’ आठव्या पर्वात, जानेवारी २०२० मध्ये संपली. शेवटचं पर्व फक्त दहा भागांचं होतं. ‘द फ्लॅश’ नवव्या पर्वानंतर मे २०२३ मध्ये थांबली. हे शेवट सगळ्यांना आवडले असं नाही. पण अंतिम पर्व आधी जाहीर झाल्यामुळे लेखकांना धागे जुळवता आले आणि प्रेक्षकांना निरोपाची तयारी करता आली. धंद्याचं गणित तिथेही होतंच. त्या गणितात समारोपालाही जागा होती, एवढाच फरक.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवली आणि आईबापांनी आपला नायक मुलांना दाखवला. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर आदळलं. कौलं, माड, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. अँटेनांचं युग त्याआधीच सरलं होतं, पण त्या नायकाची ओढ सरली नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सने ‘शक्तिमान’वर चित्रपटत्रयी जाहीर केली. नवा नायक जरूर यावा. पण त्याआधी प्रसार भारती आणि निर्मात्यांनी दोन कामं करावीत: मूळ मालिकेचे सगळे भाग स्वच्छ स्वरूपात, क्रमाने जतन करावेत, आणि जुनी कथा, निदान पुस्तकरूपाने तरी, पूर्ण करावी. साडेसात वर्षं वाट पाहणाऱ्या मुलांचं एवढं देणं बाकी आहे.