कच्च्या केळीचे चटकदार वेफर्स – दोन चमचे तेलात



जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या भागात केळीला तोटा नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण याच गावांतल्या किराणा दुकानासमोर संध्याकाळी घटकाभर उभे राहून पाहा. शाळेतून सुटलेली मुले पाच-दहा रुपयांची वेफर्सची पुडी फोडताना दिसतील. बाग आपली, घड आपला, आणि वेफर्स मात्र विकतचे! दुसरीकडे, व्यापाऱ्याने आखूड म्हणून बाजूला काढलेल्या फण्या किंवा वाऱ्याने मोडलेल्या झाडाचा घड बांधावर पडून राहतो, नाहीतर गुरांपुढे जातो. अशा केळीचे घरच्या घरी काय करता येईल, ते या लेखात पाहू.

हा विषय आताच घेण्याचे एक कारण आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली लेकरे सणाला गावी येताना एअर फ्रायर नावाचे यंत्र घेऊन येऊ लागली आहेत. आईने कढईसमोर उभे राहू नये, बाबांनी तेलकट खाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण ते वापरायचे कसे हे कोणी नीट सांगत नाही. एकदोनदा वेफर्स करून पाहिले जातात, ते मऊ तरी राहतात किंवा करपतात, आणि यंत्र पुन्हा खोक्यात बंद होऊन माळ्यावर जाते. पैसे खर्चून आणलेली वस्तू अशी पडून राहू नये.

कुरकुरीतपणा येतो कोठून?

पदार्थ तेलामुळे कुरकुरीत होतो असा आपला समज असतो. खरे पाहता तो पाणी निघून गेल्यामुळे कुरकुरीत होतो. कच्च्या केळीच्या गरात शंभर भागांपैकी सुमारे सत्तर भाग पाणी असते. कढईतल्या तापलेल्या तेलात चकती पडली की जे बुडबुडे येतात ती त्या पाण्याची वाफ असते. बुडबुडे थांबले की वेफर्स झाले, हे आपल्या घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाणी बाहेर पडते आणि त्याच्या जागी तेल आत शिरते. म्हणूनच शंभर ग्रॅम तळलेल्या वेफर्समध्ये साधारण तीस ते पस्तीस ग्रॅम तेल असते.

एअर फ्रायरमध्ये हेच पाणी गरम हवेने काढतात. या नावाने हे यंत्र २०१० साली फिलिप्स कंपनीने बाजारात आणले. आत वर विजेची तापणारी तार, तिच्यावर पंखा, आणि खाली भोकांची टोपली, एवढीच त्याची रचना. पंखा गरम हवा जोराने फिरवतो आणि ती चकत्यांच्या सर्व बाजूंनी खेळते. उन्हाळ्यात वाळवण घालताना ऊन आणि वारा जे काम करतात, तेच काम येथे पंधरा मिनिटांत होते. हे तत्त्व ध्यानात ठेवले की पुढच्या सर्व सूचना आपोआप समजतील.

केळी कोणती घ्यावी?

केळी पूर्ण भरलेली पण हिरवीगार असावी. कोवळ्या केळीचे वेफर्स तुरट लागतात. पिकू लागलेल्या केळीत पिष्टाची साखर होऊ लागते, आणि साखर लवकर करपते. पाणी निघण्याआधीच चकती काळी पडते आणि आतून चिवट राहते. म्हणून घड कापल्यापासून एकदोन दिवसांत केळी वापरावी. नखाने टोचल्यावर भरपूर चीक आला तर केळी योग्य आहे असे समजावे.

साहित्य

कच्ची केळी अर्धा किलो, म्हणजे तीन-चार नग, मीठ, हळद पाव चमचा, अर्धे लिंबू, तेल दोन लहान चमचे. मसाल्यासाठी भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, आमचूर अर्धा चमचा, लाल तिखट पाव चमचा, काळे मीठ पाव चमचा आणि चिमूटभर हिंग. खानदेशी चव हवी असेल तर लाल तिखटाऐवजी घरचा काळा मसाला पाव चमचा घ्यावा. उपवासासाठी हळद, हिंग वगळावे आणि शेंदेलोण, जिरे व मिरी एवढेच वापरावे.

कृती

१. हाताला तेलाचा हात लावून केळी पाण्यात धरूनच सोलावी. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हे केळीवाल्यांना सांगायला नको.

२. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ, हळद व लिंबाचा रस घालावा. वेफर्सच्या किसणीने चकत्या थेट या पाण्यात पाडाव्यात. लिंबामुळे चकत्या काळ्या पडत नाहीत. लोखंडी विळी वापरू नये, तिने त्या काळवंडतात. स्टीलची किसणी चांगली.

३. जाडी एक ते दीड मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी असावी. एकीकडे जाड, एकीकडे पातळ अशी चकती एका कडेने करपते व दुसरीकडे मऊ राहते.

४. दहा मिनिटांनी चकत्या निथळून धुतलेल्या सुती कापडावर पसराव्यात आणि वरचे पाणी पूर्ण टिपून घ्यावे. पुष्कळांचे वेफर्स बिघडतात ते या पायरीवर. ओल्या चकत्या यंत्रात घातल्या तर त्या आधी वाफेवर शिजतात आणि मग चिवट होतात.

५. दीड चमचा तेल चकत्यांना हाताने हलके चोळावे.

६. यंत्र १६० अंश सेल्सियसवर तीन-चार मिनिटे तापवून घ्यावे. चकत्यांचा एकच थर टोपलीत पसरावा. एकावर एक ढीग केला तर मधून हवा फिरत नाही. चार लिटरच्या यंत्रात एका घाण्याला साधारण शंभर ग्रॅम ओल्या चकत्या मावतात.

७. दर चार-पाच मिनिटांनी टोपली हलवावी. वाळत आलेल्या चकत्या हलक्या होऊन पंख्याच्या वाऱ्याने उडतात आणि वरच्या तारेला चिकटून जळतात. यंत्रासोबत स्टीलची जाळी मिळाली असेल तर ती चकत्यांवर ठेवावी.

८. साधारण पंधरा मिनिटांत वेफर्स होतात. शेवटची तीन मिनिटे यंत्राजवळून हलू नये. टोपली हलवल्यावर खळखळ असा कोरडा आवाज आला की काढावेत. एखादी चकती मऊ वाटली तर तेवढीच दोन मिनिटे परत घालावी.

रंग पिवळसर सोनेरी असतानाच वेफर्स काढावेत. पिष्टमय पदार्थ तळताना वा भाजताना ॲक्रिलामाइड नावाचे अपायकारक द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. पदार्थ जितका तांबूस-काळा, तितके ते अधिक. तेल कमी लागले म्हणून करपलेले वेफर्स चांगले ठरत नाहीत.

मसाला केव्हा लावावा?

मसाला आधी लावू नये. पंख्याच्या वाऱ्याने तो उडतो, तारेवर पडून जळतो, आणि घरभर ठसका उठतो. वेफर्स गरम असतानाच परातीत काढून राहिलेले अर्धा चमचा तेल कोमट करून शिंपडावे, लगेच मसाला भुरभुरावा आणि परात हलवावी. थंड झालेल्या कोरड्या वेफर्सवर मसाला धरत नाही. चकत्या मिठाच्या पाण्यातून काढलेल्या असतात, म्हणून वरून मीठ घालण्याआधी चव पाहावी. घरात रक्तदाबाचे कोणी असेल तर आमचूर वाढवून मीठ कमी करावे.

वेफर्स पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. आठवडाभर चांगले राहतात. पावसाळ्यात सादळले तर दोन-तीन मिनिटे पुन्हा यंत्रात घातले की कुरकुरीत होतात.

विजेची काळजी

हे यंत्र साधारण १४०० वॅटचे असते. पंखा-टीव्हीच्या लहान सहा ॲम्पिअरच्या सॉकेटवर किंवा जोडवायरीवर ते लावू नये. मोठ्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर लावावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. घरगुती इन्व्हर्टरवर तर चालवूच नये.

गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर यंत्राची उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. मग पुस्तिकेत लिहिलेल्या वेळात वेफर्स कसे होणार? म्हणून घड्याळावर विसंबू नये, रंग आणि आवाज पाहावा. शक्य तर हे काम दुपारी करावे.

हिशेब मांडून पाहा

अर्धा किलो केळीतून साले गेल्यावर सुमारे तीनशे ग्रॅम गर उरतो आणि त्याचे शंभर ग्रॅमच्या आसपास वेफर्स होतात. त्याला तीन घाणे, म्हणजे पाऊण तास आणि जास्तीत जास्त एक युनिट वीज लागते. तेल दोन चमचे, म्हणजे तळलेल्या वेफर्सच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. घरच्या चार-पाच माणसांच्या खाण्यापुरता हा हिशेब बसतो. मात्र तेल कमी झाले तरी केळीतले पिष्ट तेवढेच राहते. मधुमेह असलेल्यांनी हे वेफर्स मूठभरच खावेत.

वेळ व वीज वाचवण्याची एक युक्ती आहे. चकत्या कडक उन्हात पातळ कापडाखाली दोन-तीन तास अर्धवट वाळवून घ्याव्यात. मग पंधराच्या जागी सहा-सात मिनिटे पुरतात आणि टोपलीत चकत्याही जास्त मावतात. सौर वाळवणी यंत्र असेल तर फारच उत्तम. जे काम ऊन फुकट करते त्याला वीज कशाला जाळायची?

इतर फळे

कोकणातील भगिनींनी पूर्ण भरलेल्या पण न पिकलेल्या कापा फणसाचे गरे उभे चिरून याच रीतीने करून पाहावेत. बरका फणस मऊ, तो फणसपोळीलाच बरा. चिकू, पिकलेले केळे अशा गोड फळांना मोठी आच चालत नाही. ती मंद उष्णतेवर कित्येक तास वाळवावी लागतात आणि तरीही थोडी चिवटच राहतात. सफरचंदाच्या पातळ चकत्या मात्र ११०-१२० अंशांवर दालचिनीची पूड लावून चांगल्या होतात.

यंत्र विकत घ्यावे का?

घरात आले असेल तर अवश्य वापरा. केवळ वेफर्ससाठी कर्ज काढून किंवा हप्त्यावर घेऊ नका. आणि त्यावर वेफर्सचा धंदा करू म्हणाल, तर वरचाच हिशेब पुन्हा मांडा. एक किलो वेफर्सला पाच किलो केळी आणि साडेसात तास लागतील. बाजारात तो माल कोणत्या भावाने विकणार?

धंदा करायचा असेल तर बचत गटाने मिळून मोठी साधने घ्यावीत. अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करावी. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली योजना सुरू केली आणि तीत जळगाव जिल्ह्यासाठी केळी हेच पीक निवडले गेले. कर्जाशी जोडलेले, पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद तीत करण्यात आली. सध्या कोणती योजना चालू आहे याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन करावी, ऐकीव माहितीवर राहू नये.

यंत्र नसले म्हणून अडत नाही. चकत्या सारख्या पाडणे, नीट टिपणे, उन्हात अर्ध्या वाळवणे, एवढे केले तर कढईतले वेफर्सही कमी तेल पितात. पुढची कटणी होईल तेव्हा मागे राहिलेल्या फण्यांतून एक फणी घरी आणा आणि एका दुपारी हा प्रयोग करून पाहा. मुलांच्या हाती आपल्याच बागेतली वाटी द्या. साले गोठ्यातल्या गाईला घालायला विसरू नका.