जुनी यंत्रे, जुने कारखाने (लेखांक ६) : गॅप बेडचा लेथ

वऱ्हाडातल्या वलगावच्या आसपासचा, पेढी-पूर्णेच्या खोऱ्यातला सारा मुलूख कापसाचा असल्याने येथील जुन्या लेथची ओळख जिनिंगपासूनच करून घ्यावी लागते. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) येथील कापसाला भाव आला, १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि पुढे सरकी वेगळी करणारे जिन व गठाणी बांधणारे प्रेस या भागात उभे राहिले. वाफेचे एक इंजिन छताजवळचा लांब दांडा, म्हणजे लाइन शाफ्ट, फिरवी आणि त्यावरून चामडी पट्ट्यांनी जिन चालत. हंगाम मोजक्या महिन्यांचा असल्यामुळे बुश झिजला किंवा पुलीचे भोक वाढले, तर दुरुस्ती जागेवरच व्हावी लागे, आणि त्यासाठी काम फिरवून कातणारा लेथ हवाच असे.

या कामाला सोयीचा लेथ गॅप बेडचा. बेड म्हणजे ज्यावर हत्यार धरणारे कॅरेज सरकते तो ओतीव लोखंडाचा सपाट पाया. हेडस्टॉकलगत, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याशेजारी, त्यात खोल खाच असते. बेडपासून केंद्राची उंची ८ इंच असेल, तर एरवी १६ इंचांहून मोठा व्यास फिरत नाही. खाच आणखी ५ इंच खोल असेल, तर २६ इंचांपर्यंतची पण अरुंद पुली फिरू शकते. मोठा व्यास आणि कमी रुंदी ही पट्ट्यांवर चालणाऱ्या कारखान्याचीच गरज होती, म्हणून ही खाच त्या यंत्राच्या कामाची सर्वांत बोलकी खूण ठरते.

खाच भरणारा सुटा तुकडा अनेक यंत्रांत बेडवर बसवूनच घासून पूर्ण केलेला असे. तो हरवला, तर दुसऱ्या लेथचा तुकडा क्वचितच अचूक जुळतो, आणि वर्षानुवर्षे काढून ठेवला असेल, तर त्याच्या बैठकीवर गंज व ओरखडे दिसतात. बेड हेडस्टॉकजवळ सर्वाधिक झिजतो. तेथे कॅरेज बेताचे घट्ट करून दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकवले आणि ते अडू लागले, तर झीज किती आहे याचा अंदाज हातालाच येतो. हेडस्टॉकमधले स्पिंडल गनमेटलच्या बुशांत फिरत असेल, तर लाकडी दांड्याने ते हलकेच उचलून डायल गेजवर ढिलाई पाहावी. नवा रंग मात्र काहीच सांगत नाही, उलट बेड घासून चकचकीत केल्याने झिजेचा पुरावा पुसला जातो आणि संग्राहकाच्या हातून होणारे हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना कॅरेज ठरावीक गतीने ओढणारा लांब आट्यांचा दांडा, इंचाला ४ आट्यांचा असेल, तर एका फेऱ्यात कॅरेज पाव इंच सरकते. इंची आट्यांवरून यंत्राचे वय ठरवणे चुकीचे आहे, कारण दशमान पद्धती आल्यानंतरही भारतात इंची लीड स्क्रूचे लेथ वापरात राहिले. हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर १९४१ चा आणि बंगळूरचा एचएमटी १९५३ चा, एवढे लक्षात ठेवून त्यांच्या नावाची पट्टी असलेल्या यंत्राची जुनी मर्यादा तेवढी निश्चित करता येते.

लीड स्क्रूला गती देणारे सुटे गीअर यंत्राइतकेच मोलाचे असूनही भंगारात तेच आधी वेगळे होतात. त्यांत १२७ दात्यांचा गीअर शोधावा : एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७, म्हणून त्याच गीअरने इंची लेथवर मिलिमीटरचे आटे अचूक पडतात. तो जोडीला सापडल्यास त्या वर्कशॉपमध्ये दोन्ही मापांची कामे येत असावीत, असे अनुमान करता येते.